ठिबकणारा नळ



रात्री सारे घर झोपलेले असते. पंख्याची घरघर सोडली तर कुठे आवाज नसतो. अशा वेळी मोरीतून एक आवाज येऊ लागतो. टप्... टप्... टप्. तुम्ही उठता, नळ आणखी घट्ट आवळता आणि परत येऊन पडता. दहा मिनिटांनी पुन्हा टप्!

हा आवाज कधीच ऐकला नाही असा वाचक सापडणे कठीण. आज आपण याच आवाजाचा माग काढणार आहोत. नळ का ठिबकतो? तो आवळल्याने थांबतो की आणखी बिघडतो? आणि ज्या पितळी वस्तूकडे आपण कधी निरखून पाहत नाही, ती बनवायला कारखान्यात एवढा खटाटोप का करावा लागतो? या प्रश्नांची उत्तरे तुमच्या आठवी-नववीच्या शास्त्राच्या पुस्तकातच आहेत. ती फक्त नळापर्यंत आणायची आहेत.

आधी थोडा हिशेब

औषधाच्या बाटलीबरोबर मिळणारे मापाचे टोपण घ्या. ठिबकणाऱ्या नळाखाली एक पेला धरून बरोबर १०० थेंब मोजा आणि ते पाणी टोपणाने मापा. मी आमच्या घरी हा प्रयोग केला तेव्हा १०० थेंबांचे २० मिलिलिटर पाणी भरले. म्हणजे एक थेंब ०.२ मिलिलिटरचा. नळाच्या तोंडाच्या आकाराप्रमाणे तुमचे उत्तर थोडे कमीजास्त येईल.

आता नळ सेकंदाला एक थेंब टाकतो असे समजा. दिवसाचे सेकंद किती? २४ × ६० × ६० = ८६,४००. त्याला ०.२ ने गुणले की १७,२८० मिलिलिटर होतात, म्हणजे सव्वासतरा लिटर. एक मोठा हंडा! आपल्या घरातून रोज कोणीतरी एक भरलेला हंडा गटारात ओतून देत आहे आणि आपण नुसता आवाज ऐकत पडलो आहोत. वर्षाचे हे पाणी सुमारे ६,३०० लिटर होते.

मी राहतो ते पनवेल हे तळ्यांचे गाव. वडाळे, विश्राळे, कृष्णाळे, देवाळे, लेंडाळे ही तळ्यांची नावे जुन्या पनवेलकरांना तोंडपाठ असतात. येथली नगरपालिका १८५२ सालची, म्हणजे राज्यातल्या सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी एक. २०१६ साली तिची महानगरपालिका झाली. माथेरानच्या डोंगरातून येणाऱ्या गाढी नदीवर गावाचे स्वतःचे देहरंग धरण आहे. पावसाळ्यात येथे इतका पाऊस पडतो की छत्रीचा उपयोग केवळ समाधानापुरता होतो. तरीही उन्हाळ्यात धरणाचा तळ दिसू लागला की पाणी एक दिवसाआड येते, बाहेरून पाणी घ्यावे लागते आणि रस्त्यावर टँकर फिरू लागतात. अशा गावात दहा हजार घरांतला फक्त एकेक नळ ठिबकत असेल तर? रोज १,७२,८०० लिटर. दहा हजार लिटरचे सतरा टँकर! हे पाणी धरणातून निघाले, शुद्ध झाले, पंपाने वर चढले आणि शेवटच्या दोन बोटांच्या अंतरावर हुकले.

मे महिन्यातली गोष्ट

एका मे महिन्यात आमच्या इमारतीत तळमजल्यावरचा सामाईक नळ ठिबकू लागला. पाणी एक दिवसाआड येत होते, त्यामुळे प्रत्येक थेंब डोळ्यांत खुपत होता. येणारा-जाणारा प्रत्येक जण तो नळ आवळून जाई. शेजारचे एक काका तालमीत घुमलेले. ते तर दोन्ही हातांनी आवळत. दोन दिवस नळ गप्प राही आणि तिसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा जोरात ठिबके. शेवटी सर्वांचा निकाल ठरला, “नळ भिकार आहे, फेकून द्या आणि नवा आणा.”

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. नळ फेकण्यापूर्वी तो उघडून पाहू या, असे मी म्हटले. आत काय दिसले ते सांगण्याआधी नळाच्या पोटात काय असते ते पाहू.

नळाच्या पोटात

आडव्या नळाची मध्यावर उभी चकती कापली आहे अशी कल्पना करा. आत पाण्याच्या वाटेत पितळेचाच एक पडदा असतो आणि त्या पडद्याला एक गोल भोक असते. भोकाची वरची कड किंचित उंच आणि गुळगुळीत केलेली असते. हिला बैठक म्हणू या. प्लंबर तिला ‘सीट’ म्हणतो. या बैठकीवर वरून एक रबरी चकती येऊन बसते. तो आपला वॉशर, म्हणजेच बोलण्यातला ‘वायसर’. वॉशरला खाली दाबणारा दांडा म्हणजे स्पिंडल. त्याला आटे पाडलेले असतात आणि डोक्यावर आपण फिरवतो ती मूठ असते. दांडा जेथून बाहेर येतो तेथून पाणी येऊ नये म्हणून त्याच्याभोवती दोऱ्याचे किंवा रबराचे पॅकिंग ठासलेले असते.

एवढे कळले की तुम्ही निम्मे प्लंबर झालात. नळ बंद असताना तोंडातून पाणी ठिबकत असेल तर दोष वॉशरचा किंवा बैठकीचा. नळ चालू असताना मुठीखालून पाणी झिरपत असेल तर दोष पॅकिंगचा.

आता बळाचा हिशेब करू. पाण्याची टाकी नळापासून १० मीटर उंच असेल तर नळापाशी पाण्याचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोग्रॅम असतो. काटेकोरपणे याला किलोग्रॅम-बल म्हणायला हवे, पण येथे आपण नुसते किलो म्हणू. टाकी २० मीटर उंच असेल तर हा दाब दोन किलो होतो. बैठकीचे भोक १२ मिलिमीटर व्यासाचे धरले तर त्याचे क्षेत्रफळ १.१३ चौरस सेंटिमीटर. म्हणजे पाणी वॉशरला खालून सव्वादोन किलोच्या बळाने वर ढकलते. वॉशरने वरून याहून थोडे अधिक बळ लावले की काम झाले. एवढेच!

आणि आपण किती बळ लावतो? मुठीच्या मध्यापासून टोकापर्यंतचे अंतर ३ सेंटिमीटर आहे असे समजा. एक पूर्ण फेरा फिरवला की बोटे सुमारे १९ सेंटिमीटर जातात. तेवढ्यात आट्यांमुळे दांडा खाली सरकतो फक्त अडीच मिलिमीटर. १९० ला २.५ ने भागले तर ७६. स्क्रू हे साधे यंत्र आहे हे तुम्ही शिकला आहात. जितके अंतर कमी तितके बळ जास्त. घर्षण नसते तर बोटांचे बळ दांड्याच्या टोकाशी सुमारे ७५ पट झाले असते. घर्षणात त्यातले पाऊण बळ गेले असे धरले तरी सुमारे १९ पट उरते. मग बोटांनी पावशेर जोर लावला तरी वॉशरवर पावणेपाच किलो पडतात. पाणी थांबवायला हवे त्याच्या दुप्पट!

आमच्या तालीमबाज काकांनी चार किलोंचा जोर लावला असे समजा. वॉशरवर ७५ किलो पडले. हे बळ संपूर्ण वॉशरवर पसरत नाही, बैठकीच्या कडेच्या अरुंद वर्तुळावरच पडते. कड एक मिलिमीटर रुंद असेल तर दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ २०० किलो दाब झाला. बिचाऱ्या रबराचे काय होणार? ते कडेपाशी दबते, मग चिरते आणि शेवटी त्याचे तुकडे पडतात.

जुना नळ, नवा नळ

नळ नेहमीच असा नव्हता. प्राचीन रोमन लोकांकडे काशाचे नळ होते. त्यांत एक निमुळता खुंट असे आणि खुंटाला आरपार भोक. खुंट पाव फेरा फिरवला की भोक वाटेत येऊन पाणी सुरू होई, पुन्हा फिरवला की बंद. टाकीतल्या कमी दाबाच्या पाण्याला हे पुरे होते. पण शहरांत वाफेच्या पंपांनी पाणी जोराने नळांतून ढकलले जाऊ लागले तेव्हा हे खुंट गळू लागले. धातूवर धातू इतका तंतोतंत बसवणे, आणि बसलेला तसाच टिकवणे, अवघड होते.

१८४५ साली इंग्लंडमधील रॉदरहॅम येथल्या गेस्ट अँड क्राइम्स या पितळी ओतशाळेने आट्यांच्या दांड्याने चकती दाबणाऱ्या नळाचे पेटंट घेतले. आपल्या मोरीतला नळ हा त्याच घराण्यातला. यातली युक्ती अशी की, कठीण धातूशी कठीण धातू जुळवण्याऐवजी एका बाजूला मऊ पदार्थ ठेवायचा. धातूच्या कडेवर लहानसहान खाचखळगे असले तरी मऊ चकती दबून ते भरून काढते. पूर्वी ही चकती चामड्याची असे, नंतर ती रबराची झाली. पंधरा वर्षांनी, १८६० साली, विहार तलावाचे पाणी नळांतून मुंबईला आले आणि आपल्याकडेही घरोघरी नळाचे युग सुरू झाले.

पितळच का?

लोखंड पितळेपेक्षा स्वस्त आणि मजबूत. मग नळ लोखंडाचा का नाही? कारण तो गंजतो. आट्यांत गंज बसला की दांडा फिरत नाही आणि बैठक खडबडीत झाली की वॉशर फाटतो. तांबे गंजत नाही, पण ते मऊ आणि चिवट. ते नीट ओतले जात नाही, आणि लेथवर कापायला घेतले तर हत्याराला चिकटून लांब लांब दोऱ्या निघतात.

तांब्यात जस्त मिसळले की पितळ होते. तांबे १,०८५ अंश सेल्सिअसला वितळते. साठ भाग तांबे आणि चाळीस भाग जस्त असलेले पितळ मात्र ९०० अंशांच्या आसपासच वितळते, साच्यात सहज पसरते आणि तांब्यापेक्षा कठीण असते. दोन धातू एकत्र आले की गुण नुसते बेरजेने येत नाहीत. लहानमोठ्या अणूंमुळे स्फटिकातल्या अणूंच्या थरांना एकमेकांवरून घसरणे जड जाते, म्हणून मिश्रधातू कठीण होतो.

पण जस्ताची एक खोड आहे. ते ९०७ अंशांनाच उकळते. तांबे वितळण्यापूर्वीच त्याची वाफ होऊन जाणार! म्हणूनच शुद्ध जस्त मिळवणे जगाला फार काळ जमले नाही. खनिज तापवले की जस्त वाफ होऊन उडून जाई. ही वाफ पकडून, तिला हवा लागू न देता थंड करण्याची कला राजस्थानात उदयपूरजवळच्या झावर येथे मध्ययुगात मोठ्या प्रमाणावर वापरात होती. तेथे मातीच्या भांड्यांतून जस्ताची वाफ खाली उतरवून गोळा करीत. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या विल्यम चँपियनला अशा पद्धतीचे पेटंट मिळाले ते १७३८ साली, म्हणजे कितीतरी शतकांनंतर.

ओतशाळेत

आपल्या देशात पितळी नळ आणि त्यांचे सुटे भाग बनवणारी मोठी केंद्रे म्हणजे गुजरातेतले जामनगर आणि पंजाबातले जालंधर. आपल्या महाराष्ट्रात भंडाऱ्यासारख्या गावाची ख्याती पितळी भांड्यांसाठी होती. पण भांडे आणि नळ यांत फरक आहे. भांडे पत्रा ठोकून घडवता येते. नळाच्या पोटातली वाकडी वाट ठोकून होत नाही, ती ओतावी लागते. चला, अशा एखाद्या ओतशाळेत डोकावू.

दाराशीच पितळेच्या भंगाराचा ढीग दिसेल. जुने नळ, तुटकी भांडी, लेथवरचा कीस. पितळ कितीही वेळा वितळवून वापरता येते. म्हणूनच भंगारवाला जुन्या नळाला लोखंडापेक्षा कितीतरी अधिक भाव देतो. तुमच्या घरचा नळ मागच्या जन्मी कुणाची समई असू शकेल!

भट्टीत मूस तापते आहे. मूस म्हणजे ग्रॅफाइटसारख्या उष्णता सोसणाऱ्या पदार्थाचे भांडे. रस तयार झाला की कमी पडलेले जस्त त्यात टाकतात. त्याबरोबर डोळे दिपवणारी ज्योत उठते आणि पांढरा धूर पसरतो. हा धूर म्हणजे जस्ताचे ऑक्साइड. तो छातीत गेला तर कामगाराला संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. बहुधा एक-दोन दिवसांत तो उतरतो, पण पुन्हा धूर घेतला की पुन्हा येतो. चांगल्या ओतशाळेत भट्टीवर धूर ओढून घेणारे धुराडे आणि पंखे असतात. जेथे ते नसतात तेथे स्वस्त नळाची उरलेली किंमत कामगार आपल्या छातीने भरत असतो.

नळाचा बाहेरचा आकार साच्याने येतो. लहान ओतशाळांत साचा वाळूचा, मोठ्या कारखान्यांत लोखंडी. पण आतली पोकळी? त्यासाठी वाळूत चिकट पदार्थ मिसळून पोकळीच्याच आकाराचा गाभा बनवतात आणि तो साच्यात ठेवून भोवती रस ओततात. पितळ गोठले की गाभ्याची वाळू फोडून बाहेर काढतात. गणपतीच्या मूर्तीचा साचा तुम्ही पाहिला असेल. येथे मूर्तीच्या पोटालाही साचा आहे.

गोठताना धातू आक्रसतो. बारीक भाग आधी गोठतो, जाड भाग शेवटी. शेवटी गोठणाऱ्या भागाला वरून आणखी रस मिळाला नाही तर तेथे सूक्ष्म छिद्रे राहतात. ही छिद्रे डोळ्यांना दिसत नाहीत, पण दाबाखालचे पाणी त्यांना शोधून काढते. नळाच्या अंगावर मग दवासारखे थेंब जमतात. जणू धातूला घाम फुटतो. म्हणून साच्यातच रसाचा जास्तीचा साठा ठेवतात आणि तो नंतर कापून टाकतात.

यानंतर लेथचे काम. आटे पाडणे, बैठकीची कड सपाट व गुळगुळीत करणे. पितळेचा कीस छोट्या छोट्या तुकड्यांनी झरझर खाली पडतो. हे घडावे म्हणून पितळेत थोडे, साधारण दोन-तीन टक्के, शिसे मिसळलेले असते. शिसे पितळेत विरघळत नाही. त्याचे बारीक बारीक गोळे पितळेत विखरून राहतात आणि कापताना कीस तेथेच तुटतो.

मात्र शिसे हे विष आहे, विशेषतः लहान मुलांच्या मेंदूला. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असू नये असे भारतीय मानक सांगते. रात्रभर नळात साचून राहिलेल्या पाण्यात शिशाचा किंचित अंश उतरू शकतो. अमेरिकेत २०१४ पासून पाणी लागणाऱ्या भागांत शिसे सरासरी पाव टक्क्याहून अधिक ठेवता येत नाही. आपण काय करावे? सकाळचे पहिले तांब्याभर पाणी पिऊ नये. ते बादलीत धरावे आणि फरशी पुसायला वापरावे. फुकट घालवू मात्र नये!

शेवटी नळ घासून चकचकीत करतात आणि विजेच्या साहाय्याने त्यावर निकेलचा व त्यावर क्रोमियमचा मुलामा चढवतात. क्रोमियमचा थर एक मायक्रॉनहूनही पातळ असतो, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भागसुद्धा नाही. चकाकी या थराची, ताकद आतल्या पितळेची. म्हणून नळ घेताना चकाकी पाहू नका, तो हातात तोलून पाहा. अशा पितळी नळांसाठी आय.एस. ७८१ हे भारतीय मानक आहे. कारखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी नळात घरातल्यापेक्षा कितीतरी जास्त दाब भरून तो गळत नाही ना, घाम येत नाही ना, हे पाहावे लागते.

फट केवढी?

आता तळमजल्यावरच्या नळाकडे परत येऊ. मी आधी त्या नळाकडे येणारे पाणी बंद केले, पान्याने वरचा भाग उघडला आणि वॉशर बाहेर काढला. त्यावर बैठकीच्या कडेचा गोल ठसा इतका खोल उमटला होता की एका जागी रबर चिरले होते. बैठकीवर बोट फिरवले तर एके ठिकाणी नखाला खाच लागली.

ही खाच केवढी असावी? २० मीटर उंचीवरून येणारे पाणी अडथळा नसताना किती वेगाने बाहेर पडेल, याचे सूत्र तुम्हांला पुढे शिकायला मिळेल. वेगाचा वर्ग = २ × गुरुत्वत्वरण × उंची. उत्तर येते सेकंदाला सुमारे २० मीटर, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर! अरुंद फटीत घर्षण असते म्हणून निम्माच वेग धरू. सेकंदाला ०.२ मिलिलिटर पाणी १० मीटर वेगाने जायला फट हवी फक्त ०.०२ चौरस मिलिमीटरची. म्हणजे जेमतेम ०.१४ मिलिमीटर लांब व तेवढीच रुंद. केसाच्या दुपटीएवढीसुद्धा जाड नाही. या फटीतून रोज एक हंडा!

ठिबकण्याचे खरे रहस्य येथे आहे. आवळून आवळून वॉशर चिरतो. चिरेतून पाण्याची तीव्र धार निघते. पाण्याबरोबर आलेला वाळूचा कण त्या धारेत सापडला की तो बैठकीची कड घासत जातो. रात्रंदिवस असे घडले की पितळेलाही खाच पडते. मग आपण म्हणतो, “घट्ट बसत नाही,” आणि आणखी जोराने आवळतो. औषध म्हणून जे करतो तेच रोग वाढवते.

त्या नळाची बैठक घासून सपाट करण्याचे साधे हत्यार प्लंबरकडे होते. त्याने चार फेरे फिरवून खाच काढली आणि नवा वॉशर बसवला. बैठक न घासता नुसता नवा वॉशर घातला असता तर ती खाच तशीच राहून तोही लवकरच चिरला असता. ‘भिकार’ ठरलेला नळ चहाच्या दोन-चार कपांच्या खर्चात नीट झाला. काका थोडे वरमले, पण त्यांनीच पुढे मूठ फिरवून पाहिली. दोन बोटांनी नळ बंद झाला.

पाव फेऱ्याचे नळ

“पण सर, आमच्या घरी पाव फेऱ्यात बंद होणारा नळ आहे,” असे काही जण म्हणतील. खरे आहे. त्यात वॉशर नसतो. ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या दोन अतिशय कठीण चकत्या एकमेकींवर घसरतात. त्या घासून इतक्या सपाट केलेल्या असतात की मध्ये पाण्याला वाटच उरत नाही. जे रोमन कारागिरांना धातूत टिकवता आले नाही ते आज अशा चिनीमातीसारख्या पदार्थात साधले आहे. या नळाला जोराने आवळण्याचा प्रश्नच नाही. त्याचा शत्रू म्हणजे बारीक वाळू आणि पाण्यातला क्षार.

मात्र तो झटक्यात बंद करू नये. लोखंडी पाइपात सेकंदाला दीड मीटर वेगाने धावणारे पाणी एकदम अडवले तर दाबाची लाट उठते आणि ती पाण्यातल्या आवाजाच्या वेगाने मागे जाते. या दाबाचे गणित रशियन शास्त्रज्ञ झुकोव्हस्की यांनी १८९८ साली मांडले. पाण्याची घनता, लाटेचा वेग आणि पाण्याचा वेग यांचा गुणाकार करायचा. १,००० × १,३०० × १.५ केले तर तो दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २० किलो येतो. नेहमीच्या दाबाच्या दहापट! भिंतीतून येणारी ‘धाड्’ ती हीच. पाइपाचे सांधे तिनेच ढिले होतात.

आता तुमची पाळी

मित्रहो, या महिन्यात एवढे करा. आपल्या घरातले, शाळेतले आणि इमारतीतले नळ मोजा. त्यांतले किती ठिबकतात ते पाहा. प्रत्येकाचे एका मिनिटातले थेंब मोजून दिवसाचे लिटर काढा आणि ते कागदावर लिहून वर्गात किंवा जिन्यात लावा. “पाणी वाचवा” या पाटीकडे कोणी पाहत नाही. पण “या नळातून रोज सतरा लिटर पाणी जाते” असे लिहिले की लोक थांबून वाचतात. वॉशर बदलायचा असेल तर वडीलधाऱ्यांना बरोबर घ्या आणि आधी नळाकडे येणारे पाणी बंद करा.

आणि एक नियम लक्षात ठेवा. फिरवण्याच्या नळासाठी तो कायमचा आहे. पाणी थांबले की हात थांबवावा. सव्वादोन किलोंच्या पाण्याला अडवायला दोन बोटे पुरतात. उरलेला जोर पाण्याविरुद्ध जात नाही, तो वॉशर कापण्यात जातो.

आज रात्री आवाज आला तर उठा. पण नळ आवळू नका. खाली बादली ठेवा, थेंब मोजा आणि सकाळी प्लंबरला बोलवा.